बेलीफाचा शेरा

देवगडच्या कोर्टात बेलीफांच्या जागा तीन.
भरलेली एक. तो मी.
पेट्रोलचं बिल मागच्या शिमग्याला जिल्ह्याला गेलं
ते अजून परतलं नाही,
त्याच्यावरही एकदा समन्स काढायला हवं.

आज पिशवीत अकरा समन्स, जप्तीचे दोन हुकूम,
खळीची बाटली, शाईचा पॅड,
आणि सरवणकरांच्या वाटणीच्या दाव्यातले
प्रतिवादी एक ते त्रेपन्न, त्यांपैकी
अजून हाती न लागलेले एकोणीस.
कलमांची बाग म्हणाल तर साडेअकरा गुंठे.
झाडं चौदा. त्यातलं एक वाद चालू असताना वठलं,
त्याला कुणी वारस लावला नाही.

मोंडच्या खाडीपलीकडे घरं ओळीनं बंद.
कुलपाला खारा गंज, खळ्यात कमरेएवढी रानमोडी.
पंच म्हणून एक गुराखी मिळतो आणि एक पोरगी,
तिला अठरा पूर्ण व्हायला दोन महिने कमी.
कोर्टात हाक तीन वेळा मारायची असते,
इथं मी चार वेळा मारतो,
उगीच.
मग कागद दाराला डकवतो आणि मागं लिहितो :
'इसम मुंबईस. घर बंद. दर्शनी भागी चिकटविले.'

दर्शनी भागी आधीचे कागद आहेतच,
एकावर एक, पोपडे सुटलेले.
अगदी खालच्यावर जाधवभाऊंची सही,
त्यांच्या जागी मी लागलो
त्याला आता सोळा वर्षं झाली.

शुक्रवारी साहेब यायचे होते कणकवलीहून.
तिथलंही कोर्ट त्यांच्याकडेच, आणि इथलं म्हणजे 'अतिरिक्त'.
आले की साक्ष स्वतःच टाइप करतात, दोन बोटांनी.
स्टेनो रजेवर नाही, स्टेनोचं पदच नाही.
साक्षीदार वाक्याच्या मध्ये थांबतो,
बोटं त्याला गाठेपर्यंत
आठवण पुढं निघून गेलेली असते.
वीज गेली की बॅटरी सात मिनिटं.
रेकॉर्डच्या खोलीत नाझरांनी पदरमोड करून
ताडपत्री आणली आहे, ती मिठागरावर टाकतात तसली;
निकाली काय, प्रलंबित काय,
वाळवीला दोन्ही सारखीच लागतात.

त्या शुक्रवारी फोन आला : साहेब तिकडेच अडकले, खुनाचा रिमांड.
बोर्डावरच्या एकूणचाळीस नावांपुढे
मी एकच तारीख लिहिली.

सगळे गेले. सुंद्राबाय कोयंडे बसून राहिली.
पाणंदीच्या दाव्यातली साक्षीदार, क्रमांक चार.
पाणंद बैलगाडी जाईल एवढी होती की माणूस,
हे डोळ्यांनी पाहिलेली आता ती एकटीच.
मिठबावहून पहाटेची एस.टी., फडक्यात भाकरी,
दिवसभर पाणी प्यायली नाही,
कारण बायकांची सोय समोरच्या हॉटेलात,
तीही चहा घेतला तर.

व्हरांड्यातून आत बघत म्हणाली,
"सायब नाय तर नाय.
त्या खुर्चेक सांगान जाव काय?"

मी हसलो. ती हसली नाही.
मग तिनं मलाच सांगितलं.
गाडी कशी आडवी लागायची, बांधावरचा उंडल,
सासऱ्यानं कुठल्या धोंड्यावर चुना मारला होता,
त्या धोंड्यावर तिचा थोरला पडला, ती खूण कपाळावर,
तो होडीबरोबर गेला तोवर होती.
सलग सांगितलं, कुणी 'थांबा' म्हणालं नाही,
कुणी 'हे खरे नाही असे माझे म्हणणे आहे' म्हणालं नाही.

मी सगळं ऐकलं.
माझं ऐकणं पुराव्यात येत नाही.

उठताना कनवटीची गाठ सोडून
चार तिकिटं माझ्या हातावर ठेवली,
अर्धी तिकिटं, चार तारखांची.
"मी इलंय, त्येचो ह्यो पुरावो. लाव खंय तो."

संध्याकाळी बाटलीत खळ थोडी उरली होती.
फाइल उघडली, रोजनाम्याचं पान काढलं.
'साक्षीदार क्र. ४ हजर' एवढं लिहून
पुढं काय लिहायचं त्यासाठी
रकाना शोधत बसलो.